सदर वावळ मृत आहे

माझ्या टेबलासमोर ग्राहकासाठी एकच खुर्ची आहे आणि तिचा एक पाय मी जाणूनबुजून आखूड ठेवलेला होता. स्थिर खुर्चीवर बसलेला माणूस स्वतःच्या लग्नापासून सांगायला सुरुवात करतो. डगमगत्या खुर्चीवरचा माणूस चौथ्या वाक्याला मुद्द्यावर येतो. हा शोध माझा स्वतःचा आहे आणि अर्जलेखनाच्या व्यवसायात नव्याने येणाऱ्यास तो विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे. अडचण एवढीच, की या व्यवसायात आता नव्याने येणारे कोणी नाही.

येरवड्याच्या बाजूला एका कचेरीच्या कुंपणाला लागून, पत्र्याच्या छपराखाली मी बसतो. मागे पाटी आहे : ‘येथे सर्व प्रकारचे अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून मिळतील.’ पाटी मी स्वतः रंगवली आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. तेही पूर्ण झाले असे शाळेचे मत नव्हते. हे सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही, कारण त्या खुर्चीवर पदव्युत्तर माणसे येऊन बसली आहेत आणि ‘विषय’ या शब्दापुढे काय लिहायचे ते त्यांना मीच सांगितले आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते, अर्ज लिहिणे म्हणजे मागणी लिहिणे. तसे नाही. अर्जात तीनच गोष्टी असाव्या लागतात : मी कोण, काय घडले आणि मला काय हवे. लोक चौथी गोष्ट घेऊन येतात. त्यांना काय वाटते ती. ही चौथी गोष्ट त्यांचा अपमान न करता काढून टाकणे हेच माझे कौशल्य. शेजाऱ्याचा पोपट आपल्याला शिव्या देतो अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ आले होते. त्यांना रडू येत होते. मी ‘सदर पोपट’ असा उल्लेख करून दोन परिच्छेदांत प्रकरण बसवले आणि ते शांत झाले. आपले दुःख ‘सदर’ होऊन कागदावर उतरले की माणसाला धीर येतो, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या एका वृद्ध गृहस्थांसाठी मी गल्लीतल्या एकाच दिव्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज लिहिले. दिवा लागला, तेव्हा ते आभाराचा अर्ज लिहून घ्यायला आले. तो कोणत्या टेबलावर द्यायचा हे कचेरीत कोणालाच माहीत नव्हते. शेवटी त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि घरी नेला.

माझा दुसरा नियम असा, की मी टेबल सोडून जात नाही. गळकी भिंत, तुंबलेले गटार, पडका कठडा, यांतले काहीही मी कधी पाहायला गेलो नाही. अर्जदार सांगतो, मी लिहितो. खरेखोटे पाहण्यासाठी आत पगारी माणसे आहेत. या नियमाचा मला अभिमान होता. त्याचे काय झाले, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

संक्रांत होऊन गेली होती. श्री. मोहिते नावाचे गृहस्थ आले. जवळच्याच एका सोसायटीचे ते सेक्रेटरी होते. गणपतीच्या सुमारास राहायला आले आणि दुसरे कोणी तयार नसल्यामुळे लगेच सेक्रेटरी झाले, असे त्यांनीच सांगितले. त्यांना फाटकाजवळचे एक झाड तोडण्याची परवानगी हवी होती.

“वाळून गेलंय हो पार. पान नाही एक. खाली गाड्या लागतात, लहान मुलं असतात. उद्या कोसळलं तर लोक मला धरतील.”

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. राखाडी खोड, उघड्या फांद्या, वर मोकळे आकाश.

“झाड कोणते?” मी विचारले.

“वावळ म्हणतात म्हणे. आमच्याकडे कात्रजला नव्हतं असलं काही.”

मी लिहिले : ‘सदर वावळ वृक्ष पूर्णतः वाळलेला असून मृतावस्थेत आहे. तो केव्हाही उन्मळून पडून जीवितहानी होण्याची दाट शक्यता आहे.’ मोहित्यांनी ‘पूर्णतः’ सांगितले नव्हते. ‘मृतावस्था’ आणि ‘जीवितहानी’ हे शब्दही माझेच. वाक्याला तोल यावा म्हणून मी ते घातले आणि वाचून दाखवताना मला ते आवडले. सोसायटीच्या सभेत सर्वांनी अर्जावर सह्या केल्या. वाचला कोणीच नाही, असे पुढे कळले. चहा आला होता.

महिन्याभराने, उन्हाची तिरीप टेबलावर येऊ लागली तेव्हा, एक सडपातळ वृद्ध गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. हातात कापडी पिशवी. त्यांनी आधी माझी पाटी वाचली, मग खिशातून कागद काढून त्याच्याकडे पाहिले, मग पुन्हा पाटीकडे.

“अक्षर तेच आहे,” ते म्हणाले. “रेघ सुरेख आहे. मी गोगटे. चाळीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली. हा अर्ज आपण लिहिलात?”

“कोणता?”

“ज्यात जिवंताला मेलेलं ठरवलंय, तो.”

ती मोहित्यांच्या अर्जाची झेरॉक्स होती. झाडावर नोटीस लागली होती : झाड तोडण्याचा अर्ज आला आहे, हरकत असल्यास दिलेल्या मुदतीत कळवावी. गोगटे सर त्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहत होते. सभेच्या दिवशी ते दवाखान्यात होते.

“अर्जदार सांगतात ते आम्ही लिहितो, सर.”

“म्हणजे मी आत्ता सांगितलं की हे टेबल मेलंय, तर लिहाल?”

“टेबल मेलेलंच आहे, सर. लाकडाचं आहे.”

“बरं. एवढं तरी कळतं.”

ते खुर्चीवर बसले. खुर्ची डगमगली. त्यांनी उठून तिचा पाय निरखला, हातातल्या झेरॉक्सची चार पदरी घडी केली आणि पायाखाली सारली. मग पुन्हा बसले. खुर्ची हलली नाही. वीस वर्षांत हे कोणाला सुचले नव्हते, आणि माझ्याच अर्जाचा कोणी असा उपयोगही केला नव्हता.

पिशवीतून त्यांनी एक डहाळी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर पोपटी, गोल, नाण्याएवढ्या चकत्यांचे घोस होते.

“पालवी फुटलेली दिसते,” मी म्हणालो.

“ही पालवी नव्हे. हे फळ आहे. पालवी अजून यायचीय. हे झाड थंडीत पानं टाकतं, उघडं होतं, त्या उघड्या फांद्यांवर फुलतं, फळतं आणि मग सावकाश पानांचं बघतं. एवढा मोठा वृक्ष, पण फूल इतकं बारीक की सेक्रेटरींना दिसणार नाही. जानेवारीत फोटो काढला की मेलंच ते.” त्यांनी एक चकती उजेडाकडे धरली. मधोमध बी, भोवती कागदासारखा पातळ पंख, त्यावर शिरांची नक्षी. “पिकलं की हे गव्हाळ होतं आणि वाऱ्यावर उडतं. आता हरकतीचा अर्ज लिहा.”

वकील एकाच प्रकरणात दोन्ही बाजूंनी उभा राहू शकत नाही. अर्जलेखक राहू शकतो. भाडेकरू सकाळी आणि घरमालक दुपारी, असे मी पुष्कळदा केले आहे. दोघेही आपापल्या अर्जावर समाधानी होते. परंतु इथे झाड जिवंत आहे असे लिहायचे, तर माझाच कागद खोटा ठरत होता. मी लेखणी उचलली आणि लिहिले : ‘सदर वृक्षाच्या प्रकृतीबाबत पुनर्विचार व्हावा.’

सरांनी ते वाचले. “हे काय? त्या अर्जात झाडाला मारताना हात कचरला नाही आपला.”

मी विचारले, “आपली हरकत नेमकी कशासाठी? सावली, पक्षी, पर्यावरण? पर्यावरण लिहिले की वजन येते.”

ते त्याच कोरड्या आवाजात म्हणाले, “माझ्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, दोन वर्षं झाली. उजवा हात गेला, बोलणंही गेल्यासारखंच. हाताच्या व्यायामाला डॉक्टरांनी मऊ चेंडू दिला. तो तिनं फेकला. एकदा उन्हाळ्यात खिडकीतून या झाडाचं बी आत आलं. ती आपलं आपण उठली, पहिल्यांदा, आणि ते उचललं. तेव्हापासून बिया सोलते. लहानपणी त्यांच्या शाळेमागं वावळ होता, पोरी मिळून सोलून खायच्या. दुसरा कुठलाही व्यायाम ती करत नाही. साठवलेली बरणी आता तळाला आलीय. नव्या बिया वाळून पडायला दीड महिना आहे, आणि नोटिशीची मुदत त्याआधीच संपते.”

“पुण्यात वावळ कमी नाहीत, सर. दुसरीकडून पिशवीभर...”

“आणली. हात लावला नाही. तिला दिसतं ना, तिच्या झाडाचं बी कुठलं ते. वाऱ्यानं आलेलं ती स्वतः उठून वेचते. पिशवीतलं म्हणजे तिला तो चेंडूच.”

“हे अर्जात लिहिता येणार नाही,” मी म्हणालो.

“मी लिहायला सांगितलंय का? आपण विचारलंत म्हणून सांगितलं.” ते उठले. “एक करा. येऊन बघा.”

मी टेबल सोडून कुठे जात नाही, हे त्यांना सांगायला हवे होते. परंतु ते गेल्यावर डहाळी टेबलावरच राहिली. दुपारभर अर्ज लिहिताना तिच्यावरच्या चकत्या पंख्याच्या वाऱ्याने हलत होत्या. रविवारी कचेरी बंद असते. मी रविवारी गेलो.

मी त्या रस्त्याने रोज जातो. तो वावळ तीन मजल्यांहून उंच आहे आणि मी तो कधी पाहिलेला नव्हता. खोडाची साल राखाडी, कुठे फुगलेली, कुठे खपल्या सुटलेल्या. वर सारा वृक्ष पोपटी घोसांनी भरलेला. खालून पाहणारा कोणीही म्हणेल की पानांनी भरला आहे. फांद्यांच्या टोकाला खरी पालवी नुकती दिसू लागली होती. खाली झुकलेल्या फांदीवरचे एक कोवळे पान मी बोटांत चुरले. उग्र, नकोसा वास आला. मेलेल्या वस्तूला इतका ताजा वास येत नाही.

वर पहिल्या मजल्यावर सरांच्या पत्नी सुमतीबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. गोरा, शांत चेहरा, एका बाजूने किंचित ओढलेला. मांडीवर स्टीलचे ताट, त्यात मागच्या वर्षीच्या वाळक्या चकत्या, शेजारी वाटी. त्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक चकती धरत. ती निसटे. पुन्हा धरत. मग बोटे एकमेकांवर घासत, पंखाचा भुगा होई, आणि ताट जरासे वर करून त्या फुंकर मारत. खाली तिळापेक्षा थोडे मोठे, चपटे बी उरे. ते डाव्या हाताने वाटीत. एका बियेला किती वेळ लागतो, ते मी घड्याळात पाहू लागलो आणि मग पाहणे थांबवले.

“हे अर्ज लिहितात,” सर त्यांना म्हणाले. “झाड मेलंय म्हणून यांनीच लिहून दिलंय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, वाटी उचलून माझ्यावर फेकतील. त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली.

“घ्या,” त्या म्हणाल्या. तो शब्द यायला वेळ लागला, पण आला.

वाटीच्या तळाशी चिमूटभर बिया होत्या. मी त्या तळहातावर घेतल्या आणि तोंडात टाकल्या. चारोळीसारखी चव, थोडी गवताची.

“हळू खायचं असतं,” सर म्हणाले. “ते तिचं दुपारभराचं काम होतं.”

माझ्या आयुष्यात पश्चात्ताप करण्यासारख्या मोठ्या गोष्टी घडल्या आहेत. तो घास त्यांत वरचा आहे.

खाली उतरताना फाटकाशी श्री. मोहिते भेटले. मी त्यांना वरती बोट दाखवले. “ते फळ आहे. झाड जिवंत आहे.”

“अहो काका, आता काय उपयोग? सगळ्यांच्या सह्या झाल्यात, नोटीस लागलीय. आणि लिहून तर तुम्हीच दिलंत. ‘मृतावस्था’ हा शब्द माझा आहे का? मला तर त्याचं स्पेलिंगही आलं नसतं.”

“तेच म्हणतोय. तो माझा आहे.”

“म्हणजे तुम्ही आमच्याविरुद्ध लिहिणार? मग उद्या तुमच्याकडं अर्ज लिहायला येणार कोण?”

हा प्रश्न रास्त होता. मी तिथेच पायरीवर बसून त्यावर विचार केला आणि मग घरी गेलो.

सोमवारी सकाळी मी दोन कागद लिहिले. पहिला हरकतीचा, सुमतीबाईंच्या नावाने. त्यात लिहिले, की सदर वृक्ष जिवंत आहे, तो हिवाळ्यात पानगळ होऊन पानांपूर्वी फळणाऱ्या जातीचा आहे, आजमितीस फळांनी लगडलेला आहे, तरी प्रत्यक्ष पाहणी करून निर्णय व्हावा. आणि मग मी एक वाक्य घातले, जे माझ्या नियमात बसत नव्हते : ‘सदर वृक्षाचे खिडकीतून येणारे बी सोलणे हा अर्जदाराच्या अधू उजव्या हाताचा एकमेव चालू उपचार आहे.’ हे वाक्य मी पाच वेळा वाचले. त्यात काय वाटते ते कुठेही नव्हते. काय घडते तेवढेच होते. चौथी गोष्ट अशीही अर्जात जाऊ शकते, हे मला या वयात कळले.

दुसरा कागद माझा होता. विषय : मी लिहून दिलेल्या अर्जातील चूक. ‘सदर वृक्ष मी स्वतः पाहिलेला नसताना तो मृत आहे असे लिहिले. ते शब्द अर्जदार श्री. मोहिते यांचे नसून माझे आहेत.’ खाली ‘अर्जदाराची सही’ असे लिहिले आणि हात थांबला. हजारो माणसांना मी त्या जागेवर बोट ठेवून दाखवले आहे. तिथे माझे स्वतःचे नाव कधी लिहिले नव्हते. सही वाकडी आली.

हरकत सुमतीबाईंच्या नावाने द्यायची, असे सरांनी सांगितले होते. खिडकी त्यांची म्हणून. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. ज्यांना सही करता येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे ठरलेली पद्धत असते. कागदाखाली आधीच ‘निशाणी डावा अंगठा’ लिहून ठेवायचे, शाईचा पॅड उघडून पुढे करायचा, अंगठा धरून टेकवायचा. मी सगळी तयारी करून गेलो होतो. कागद ताटावर ठेवला, पॅड उघडला आणि बाईंचा डावा हात धरण्यासाठी पुढे वाकलो.

त्यांनी हात मागे घेतला. मग उजव्या हाताच्या दोन बोटांनी, ज्या बोटांनी त्या बिया सोलत, पॅड सावकाश दूर सारला. आणि माझ्या खिशाकडे पाहिले. तिथे पेन होते.

मी पेन दिले. ते निसटले. सर उचलायला वाकले. बाईंनी मानेने नको म्हटले आणि मीही थांबलो. त्यांनी ते स्वतः उचलले, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरले, जशी चकती धरत तसेच, आणि कागदावर टेकवले. रस्त्यावरून एक बस गेली. खिडकीतल्या घोसांची सावली कागदावर हलत होती. ‘सुमती’. तीन अक्षरे, तिन्ही वेगवेगळ्या उंचीची.

गोगटे सर खिडकीबाहेर पाहत होते. “दोन वर्षांनी,” ते म्हणाले.

मी कागद घेतला. ‘निशाणी डावा अंगठा’ ही अक्षरे माझ्या सुवाच्य हस्ताक्षरात त्या सहीच्या खाली तशीच होती. झाडाबाबत जे केले तेच मी त्या हाताबाबतही केले होते. मी ती अक्षरे खोडली आणि पद्धतीप्रमाणे खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे टाकली.

दोन्ही कागद कचेरीत दिल्यावर पाहणीला उद्यान खात्याच्या निरीक्षक बाई आल्या, तेव्हा मीही तिथे होतो. त्यांनी एक घोस तोडून श्री. मोहित्यांच्या हातात दिला आणि विचारले, “हे काय आहे?”

“फळ,” मोहिते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “असं काका सांगतात.”

परवानगी नाकारली गेली. रस्त्यावर झुकलेली एक फांदी तेवढी छाटली. वैशाखात मोहित्यांच्या गाडीवर आणि काचेच्या फटींत वाळक्या चकत्यांचा थर साचू लागला. ते रोज सकाळी तो झाडतात. कचरापेटीत मात्र टाकत नाहीत. एका पिशवीत भरून पहिल्या मजल्यावर नेऊन देतात. त्या पिशवीतल्या बियांना सुमतीबाई हात लावतात, असे सर सांगतात. झाड तेच आहे ना.

माझ्याकडचे ग्राहक थोडे कमी झाले आहेत. ते त्या कागदामुळे की मोबाइलवरून अर्ज करता येतात त्यामुळे, हे मला ठरवता येत नाही. खुर्चीच्या पायाखालची घडी मी काढलेली नाही. माणसे आता लग्नापासून सांगतात. मी ऐकतो.

पावसाळ्याच्या तोंडावर गोगटे सर एक छोटी डबी घेऊन आले. आत सोललेल्या बिया होत्या, काठोकाठ.

“तिनं दिल्यात. सगळा उन्हाळा आहे तो. आता तरी हळू खा.”

डबी खणात असते. कोणी येऊन ‘पार वाळलंय’, ‘कायमचं बंद आहे’, ‘आता काही उपयोग नाही’ असे सांगू लागले, की मी लेखणी खाली ठेवतो, एक बी तोंडात टाकतो आणि ते चावून संपेपर्यंत काही लिहीत नाही. मग विचारतो, “आपण स्वतः कधी पाहिलंत? कोणत्या महिन्यात?”